कोर्स फुकट आहे, घर फुकट चालत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रिलीज, मग रिलीजनंतरचे बग, मग त्या बगांवरच्या मीटिंगा... असो, रडगाणं नेहमीचंच आहे. आजचा विषय मात्र जरा डोक्यात गेलेला आहे, त्यामुळे सूर चढला तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात नांदेडला घरी गेलो होतो. तिथून एक दिवस लातूरला मावशीकडे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूर गाठेपर्यंत पाठीचे मणके मोजून झाले होते. मावशीकडे जेवण, मग अंगणात बाजेवर आडवं होणं, हा लहानपणापासूनचा कार्यक्रम. मावसभाऊ, म्हणजे माझा दादा, शेजारी बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,

"तुमच्या त्या कम्प्युटरात माझ्यासारख्याला काय शिकता येतंय का बे? का वय झालं आता?"

मी पटकन म्हणालो, "अरे पायथन शिक की. यूट्यूबवर सगळं फुकट आहे."

दादा हसला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते आहे.

आधी दादा कोण ते सांगतो. जन्म १९८८. बारावीला बरे मार्क. तेव्हा मराठवाड्यात डी.एड.ची लाट होती. "दोन वर्षं डी.एड. कर, गुरुजी हो, आयुष्याचं कल्याण" हा मंत्र घराघरात होता आणि गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं उघडली होती. दादा २०१० ला डी.एड. होऊन बाहेर पडला. दोन वर्षांत, २०१२ ला, राज्य सरकारने शिक्षकभरती बंद केली. कॉलेजं चालूच राहिली, बरं का. कारखान्यातून माल निघतोय आणि दुकानाला कुलूप. पुढची अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात दादाने बी.ए. केलं, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि तो एका विनाअनुदानित शाळेत लागला. "आज ना उद्या अनुदान येईल" या एका वाक्यावर मराठवाड्यातल्या किती माणसांची तरुणपणं गेली याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा. दादाचा पगार ९ हजार. संध्याकाळी शिकवण्यांचे ५ हजार. वहिनी ब्लाउज शिवते.

आता शाळेचा पट घसरलाय आणि पुढच्या वर्षी त्याचा वर्ग राहील की नाही सांगता येत नाही. म्हणून तो प्रश्न. वय ३७.

त्याच्या मनात काय आहे तेही त्याने सांगितलं. औसा रोडला ओळखीच्या एकाचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. लातूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, नसेल तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर म्हणजे लातूर एवढं आठवा. कूलरची माणसं आता एसीवर आलीत आणि मार्च ते जून मेकॅनिक शोधून सापडत नाही. तो वर्कशॉपवाला म्हणाला, "गुरुजी, सहा महिने माझ्याकडं हेल्पर म्हणून या. पगार मागू नका, फी मी मागत नाही. नंतर स्वतःचं चालू करा." शेजारी एकमतचा पेपर पडला होता, त्याच्या कडेला दादाने हिशोब मांडला. घर चालायला महिन्याला १६ हजार लागतात. सहा महिन्यांचे ९६ हजार.

"शिकायला काय, शिकतो मी," दादा म्हणाला. "फी नाहीच. पण ह्या शहाण्णवचं काय करू?"

मंडळी, सगळा विषय या एका आकड्यात आहे. आपल्याकडे कौशल्य, रिस्किलिंग, अपस्किलिंग यावर जी भाषणं होतात त्यात कोर्सची फी हाच जणू अडथळा आहे असं धरलेलं असतं. म्हणून सरकार कोर्स फुकट देतं आणि पाठ थोपटून घेतं. पण ज्याच्या ताटावर चार तोंडं अवलंबून आहेत त्याचा अडथळा फी हा कधीच नव्हता. त्याचा अडथळा शिकण्याच्या काळात घर कसं चालवायचं हा आहे. एकवीस वर्षांच्या पोराला हा प्रश्न नसतो, त्याला बाप असतो. सदतिशीच्या माणसाचा बाप तोच असतो.

आता जरा माझ्याकडे वळतो, कारण पायथनचा सल्ला मी कुठल्या तोंडाने दिला हे मला स्वतःलाच विचारायचं होतं.

मी मेकॅनिकलचा इंजिनियर. शिकलो नांदेडलाच. ईबीसीच्या योजनेत शिक्षण शुल्काची अर्धी रक्कम सरकारने भरली. चार वर्षं लेथ, थर्मोडायनॅमिक्स, बॉयलर. मग कॅम्पसला आयटी कंपनी आली, गणिताची परीक्षा घेतली आणि उचललं. पुण्यात चार महिने ट्रेनिंग. पहिल्या दिवशी मला लूप कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कळत नव्हतं. ते चार महिने कंपनी मला जावा शिकवत होती आणि महिन्याच्या शेवटी हातात पंचवीस हजारांच्या आसपास टाकत होती. मी कंपनीला त्या काळात एक रुपयाचं काम करून दिलं नाही. उलट एकदा ट्रेनिंगचा सर्व्हर बंद पाडला. :)

याला काय म्हणायचं? एका क्षेत्रातला माणूस दुसऱ्या क्षेत्रात गेला, त्याच्या शिकण्याचा खर्च दुसऱ्याने केला आणि वर त्याचं पोटही भरलं. शुद्ध मराठीत याला पुनर्प्रशिक्षण अनुदान म्हणतात. तुमच्यातले निम्मे सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाले असेच आयटीत आलेत. नंतर बेंचवर बसून पगार घेत क्लाउडची सर्टिफिकेशनं केलीत. कुणी आपल्याला म्हणालं का, "यांना फुकट खायची सवय लागेल"? नाही. त्याला टॅलेंटमध्ये गुंतवणूक म्हणतात. तेच लातूरच्या गुरुजीला द्यायचं म्हटलं की लगेच रेवडी!

बरं, सरकार काहीच करत नाही का? करतं की. पैसा तर असा ओततं की बघत राहावं. फक्त तो कुठे ओततं ते बघू.

पहिला प्रकार: पैसा शिकवणाऱ्याला. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये आली. दुसरी आवृत्ती २०१६ ते २०२०, तरतूद १२ हजार कोटी, उद्दिष्ट एक कोटी तरुण. २०२१ च्या जानेवारीत तिसरी, २०२२ पासून चौथी. दुसऱ्या आवृत्तीत केंद्रचालकाला पैसे तीन हप्त्यांत मिळायचे: ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्र मिळाल्यावर, आणि २० टक्के नोकरी लागल्यावर. गणित करा. नोकरी लागो न लागो, केंद्राचे ८० टक्के पैसे आधीच सुटलेले. तुमच्या क्लायंटने असं काँट्रॅक्ट दिलं तर तुम्ही शेवटच्या वीस टक्क्यांसाठी रात्री जागाल का? मी तरी नाही जागणार.

दादा अशा एका केंद्रावर जाऊन आला होता. नाव लिहीत नाही. त्याला सांगितलं गेलं, "डेटा एंट्रीची बॅच आहे, बसा." तो म्हणाला, मला एसीचं शिकायचंय. "ते नाही, डेटा एंट्री आहे. अंगठा लावायला येत जा, परीक्षेला आम्ही सांगू तेव्हा या." नोकरी कुठे मिळेल? पुण्यात, बारा हजार. म्हणजे लातूरचं भाडं चालू, पुण्याची खोली वेगळी, आणि बारा हजार. दादा नमस्कार करून परत आला.

हा एकट्या दादाचा अनुभव म्हणून सोडून दिला असता. पण डिसेंबर २०२५ मध्ये या योजनेवरचा कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीतल्या सुमारे ९५ लाख नोंदी तपासल्या, तर ९४ टक्क्यांहून जास्त नोंदींत बँक खात्याचा रकाना रिकामा, शून्य किंवा निरर्थक. काही ठिकाणी खाते क्रमांक म्हणून ११११११११११ असले आकडे. काही ठिकाणी एकच फोटो अनेक लाभार्थ्यांना. आणि अल्पमुदतीच्या प्रशिक्षणात प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी नोकरी लागल्याची नोंद सुमारे ४१ टक्के.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. ११११११११११ हा आकडा आपण सगळे ओळखतो. टेस्टिंगच्या वेळी कंटाळा आला की आपणच टाकतो तो. आपल्याकडे टेस्ट डेटा प्रॉडक्शनला गेला तर रविवारी सकाळी फोन येतो आणि शुक्रवारी त्याचं कारण लेखी द्यावं लागतं. इथे देशाची प्रॉडक्शन सिस्टीम वर्षानुवर्षं टेस्ट डेटावर चालली आणि कुणाचा रविवार बिघडला नाही.

दुसरा प्रकार: पैसा माणसाला, पण शिकण्याचा पत्ता नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली, लोकांनी तिला 'लाडका भाऊ' म्हटलं. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सहा महिने, पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. वर्षाला १० लाख तरुण आणि ५,५०० कोटी. पदवीधराने पूर्ण अकरा महिने काढले तर त्याच्यामागे १ लाख १० हजार. पुन्हा वाचा, १ लाख १० हजार! दादाला हवे होते ९६. म्हणजे पैसा नाही हे कारण तर बादच.

त्या पैशात काय शिकवलं? बरीच पोरं सरकारी कार्यालयात, ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. आवक-जावक लिहिली, झेरॉक्स काढल्या, ऑनलाइन माहिती भरली. रिकाम्या पदांवरचं काम स्वस्तात उरकलं आणि मुदत संपल्यावर "आता पुढे काय" म्हणत हीच पोरं आझाद मैदानात बसली. मी त्यांना नावं ठेवत नाही. अकरा महिने ऑफिसात बसवून ठेवलेल्या माणसाला ते ऑफिस आपलं वाटलं तर चूक त्याची नाही. पण प्रशिक्षण या शब्दाची थट्टा झाली ती झालीच.

आणि दादा? योजनेची वयोमर्यादा १८ ते ३५. तेव्हा तो ३६ चा. सेतू केंद्रात जन्मतारीख टाकल्यावर फॉर्म पुढेच सरकेना. मी रोज असली व्हॅलिडेशन लिहितो. एक ओळ असते, वय पस्तिशीच्या पुढे असेल तर लाल अक्षरात संदेश. लिहिणाऱ्याला दोन मिनिटं लागतात. गंमत बघा, एका योजनेत खाते क्रमांकाच्या जागी दहा एक चालतात, दुसऱ्या योजनेत छत्तिसावं वर्ष चालत नाही. योजना वेगळ्या, एक दिल्लीची, एक मुंबईची, पण स्वभाव एकच. माणूस आत येताना दार घट्ट, पैसा बाहेर जाताना दार सताड.

तिसरा प्रकार: कर्ज. महामंडळं आहेत, व्याज परतावा आहे, मुद्रा आहे. धंदा ज्याला येतो त्याच्यासाठी चांगलंच आहे. पण ज्याला धंदा अजून शिकायचाच आहे त्याने आधी कर्ज काढून मग शिकायचं, हे म्हणजे लग्नाआधी बारशाचं आमंत्रण.

आता कुणी म्हणेल, बाबा, नोकरी बदलणाऱ्या मध्यमवयीन माणसासाठी वेगळी योजना ही परदेशी फॅशन आहे, आपल्याकडे कुठे होती? होती. आणि नांदेडकरांना तर ती माहीत असायला हवी.

नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या राजवटीतली, नावावरूनच कळतं. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि इतर गिरण्यांसारखी बंदही पडली. आमच्या गल्लीतले एक काका तिथे होते. सूत कातायच्या मशीनचे फिटर. देशात १९८६ साली बंद पडलेल्या खासगी गिरण्यांतल्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी निघाला होता, त्यात पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत अशी रचना होती. म्हणजे घर चालवायला पैसे हवेत ही अक्कल चाळीस वर्षांपूर्वी सरकारला होती! मग १९९१ च्या आर्थिक सुधारणा आल्या. त्यांच्यापाठोपाठ फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी आला. उद्देश काय तर सुधारणांमुळे ज्यांचं काम जाईल त्यांना पुन्हा शिकवायचं, दुसरीकडे लावायचं. प्रत्यक्षात बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला आणि २००० साली निधीच गुंडाळला. कर्मचाऱ्याला घरी पाठवायला पैसा होता, त्याला पुन्हा उभं करायला नव्हता.

काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. एक रिक्षा घेतली, ती चालली नाही. मग किराणा टाकला, तोही बसला. परवा भेटले तेव्हा त्यांना विचारलं, तेव्हा कुणी काही शिकवायला आलं होतं का? म्हणाले, "शिकवायचं राहू दे बाबा. तुम्हाला काय येतंय, एवढं बी कुणी इच्यारलं नाही." ज्या माणसाला आवाजावरून बेअरिंग गेलंय हे कळायचं, तो माणूस वीस वर्षं साखर मोजत बसला.

आणि आज? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत चक्क 'कामगार पुनर्कौशल्य निधी' आहे. नाव ऐकून मी खुश झालो होतो. तरतूद अशी: छाटणी झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराचे १५ दिवसांचे पैसे निधीत भरायचे आणि ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. चांगली बाजू आधी सांगतो: पैसा थेट माणसाच्या हातात आहे, केंद्रचालकाच्या नाही. एवढं जरी तत्त्व मान्य झालं तरी मी टाळी वाजवीन. पण पंधरा दिवस? पंधरा दिवसांत दुचाकीचं लायसन्स निघत नाही. वीस हजार पगाराच्या माणसाला दहा-अकरा हजार मिळतील. त्यात तो नवा धंदा शिकणार? आणि मुदतबंद करारावरच्या माणसाचा करार संपला तर त्याला छाटणी म्हणतच नाहीत, म्हणजे तेही नाही. हल्ली कायम नोकरी देतो कोण?

तुम्ही म्हणाल, हे सगळं कामगारांचं, आपल्याला काय त्याचं? जुलै २०२५ आठवा. देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने, टीसीएसने, सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं. हिंजवडीच्या कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. चाळिशीचे, गृहकर्जवाले, दोन मुलंवाले प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांचा प्रश्न आणि माझ्या दादाचा प्रश्न यात आकड्यांचा फरक आहे, जातीचा नाही. त्यांच्याकडे बचत आहे म्हणून ते सहा महिने काढतील. पण बचत म्हणजे काय, तर स्वतःच स्वतःला दिलेलं अनुदान.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि खरा आक्षेप: थेट पैसे दिले की लबाडी होणार. होणारच. ब्रिटनने सप्टेंबर २००० मध्ये प्रत्येकाला शिकण्यासाठी वैयक्तिक खातं दिलं. बोगस संस्थांनी असा धुमाकूळ घातला की नोव्हेंबर २००१ मध्ये योजनाच बंद करावी लागली. सिंगापूरने २०१६ मध्ये पंचविशीपुढच्या प्रत्येक नागरिकाला ५०० डॉलरचं शिक्षण-क्रेडिट दिलं, तिथेही २०१७ मध्ये एका टोळीने सुमारे ४ कोटी सिंगापूर डॉलर लाटले. फरक पुढचा आहे. सिंगापूरने चोरांना तुरुंगात टाकलं आणि योजना वाढवली. २०२४ मध्ये चाळिशीपुढच्यांना आणखी ४,००० डॉलर दिले, आणि २०२५ पासून चाळिशीपुढचा माणूस पूर्णवेळ शिकत असेल तर त्याच्या आधीच्या कमाईच्या निम्म्यापर्यंत, कमाल ३,००० डॉलर दरमहा भत्ता. लक्षात घ्या, त्यांची मदत चाळिशीला सुरू होते. आपली पस्तिशीला संपते!

आणि चोरीचा मुद्दा काढताय तर मग सध्या काय होतंय? पैसा संस्थांना दिला म्हणून चोरी थांबली का? दहा एक लिहिलेलं खातं कुणाचं होतं? माझं म्हणणं एवढंच की चोरीची भीती दोन्हीकडे सारखीच असेल, तर निदान पैसा गरजवंताच्या बाजूने तरी वाहू दे.

दुसरा आक्षेप: माणूस पैसे घेईल आणि शिकणार नाही. काही जण नक्कीच. आमच्या ट्रेनिंगच्या बॅचमध्येही चौघे शेवटपर्यंत झोपले होते, त्यांना पगार मिळाला, आणि परीक्षेत नापास झाल्यावर कंपनीने त्यांना घरी पाठवलं. म्हणून कंपनीने ट्रेनिंग बंद केलं नाही. भत्ता महिन्या-महिन्याने द्या, हजेरी आणि कामाची तपासणी बघून पुढचा हप्ता सोडा. आधार, डीबीटी, सगळी प्लंबिंग तयार आहे. लाडक्या बहिणींना दीड हजार महिन्याला कोट्यवधी खात्यांत पोचवू शकणाऱ्या राज्याला हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असं कुणी आयटीवाल्याला तरी सांगू नये.

टीकाच करतोस, उपाय सांग, असं म्हणायच्या आत सांगतो.

एक, वयाची अट काढा. ती जागा जबाबदारीला द्या. ज्याच्यावर घर आहे त्याला भत्ता जास्त, ज्याच्यावर नाही त्याला कमी.

दोन, शिकण्याची जागा माणसाला निवडू द्या. औसा रोडचं वर्कशॉपही शाळा धरा. बाहेरच्या माणसाने शेवटी परीक्षा घ्यावी: हा बंद एसी चालू करून दाखव. चालू झाला तर पास.

तीन, संस्थेचे हप्ते उलटे करा. सुरुवातीला २०, आणि माणूस सहा महिने कमावता राहिला की उरलेले.

चार, प्रत्येक केंद्राचा निकाल तालुक्याच्या नोटीस बोर्डावर लावा. किती आले, किती शिकले, आज किती कमावतात. लातूर पॅटर्नवाल्या जिल्ह्याला निकालाचे फ्लेक्स लावायचं मी शिकवायला नको. बारावीचे टॉपर चौकाचौकात झळकतात, मग केंद्रांचे निकालही झळकू देत.

पाच, कोर्स ठरवताना आजूबाजूला बघा. लातूरला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. ३१ मार्च २०१८ ला पायाभरणी झाली, २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, आणि वंदे भारत स्लीपरच्या १२० गाड्यांचं काम तिथे व्हायचं ठरलं. वेल्डर, वायरिंग, एसी, अंतर्गत सजावट, सगळं लागणार. त्याच शहरात ३७ वर्षांच्या माणसाला एसी शिकायचाय आणि सरकारी केंद्र त्याला डेटा एंट्रीला बसवतंय! यापुढे काय बोलायचं?

मला माहीत आहे, मे २०२५ मध्ये केंद्राने एक हजार आयटीआय सुधारायला ६० हजार कोटींची योजना मंजूर केली आहे. उत्तम. यंत्रं नवी येऊ देत. पण त्या यंत्रासमोर उभं राहण्यासाठी ज्याला घरचा गॅस सिलिंडर भरून यावा लागतो, तो माणूस त्या योजनेतही कुठे दिसत नाही.

असो. दादाचं काय झालं ते सांगून थांबतो.

पुण्याला परत आल्यावर मी त्याला फोन केला. म्हणालो, दादा, सहा महिने मी दहा हजार पाठवतो, सहा ताई पाठवते, तू वर्कशॉपला जा. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "उसने म्हणून घेतो. वहीत लिहून ठेवतो, तू पण लिही." मी म्हणालो लिहितो. मागच्या सोमवारपासून तो जायला लागलाय. परवा व्हॉट्सॲपवर एका उघड्या काँप्रेसरचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, "ह्यात बी लूप असतो बे."

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण वर्कशॉपवरून घरी येताना दादाच्या शाळेतले आणखी तिघे त्याला भेटतात आणि विचारतात, गुरुजी, हे कसं जमवलं? त्यांच्यापैकी कुणाचाही मावसभाऊ आयटीत नाही. म्हणजे महाराष्ट्रात मध्यम वयात धंदा बदलायला आज एक अनुदान योजना नक्की चालू आहे, आणि तिची पात्रता 'पुण्यात नातेवाईक असणे' ही आहे. दादाच्या त्या तिघांना मी काय उत्तर देऊ, ते तुम्हीच सांगा.

बाकी पुढच्या शनिवारी.

ता.क. : तुमच्यापैकी कुणाची छाटणी झाली असेल तर फुल अँड फायनलच्या कागदात पुनर्कौशल्य निधीचे पंधरा दिवस कुठे आहेत ते एचआरला लेखी विचारा. तुमचं काम कायद्याने 'कामगार' या व्याख्येत बसतं का यावर ते अवलंबून आहे, नुसत्या व्हिजिटिंग कार्डावरच्या पदनामावर नाही. रक्कम किरकोळ आहे, पण हक्काची आहे, आणि न विचारता कुणी देत नाही.